गच्चीची किल्ली

बिर्जंदमध्ये ऊन फुकट असतं.
जरिश्कची लाल फळं वाळतात त्यात, बोरं, चादरी, विटा.
मुली तेवढ्या सावलीत.

शाळेच्या भिंती उंच. अंगणावर हिरवं कापड.
माहरुखच्या दंडाला पट्टा बांधून
मी फुगा दाबते; पारा चढतो
पंधराव्या वर्षाला न शोभेल इतका.
रक्ताच्या कागदावर ‘ड’समोर
आकडा एवढा बारका, की चष्मा पुसून पाहिला.

महिन्याची गोळी तिच्या तळहातावर ठेवते.
पिवळी, पारदर्शक.
ती गिळत नाही; खिडकीशी धरते,
म्हणते, खानम, ह्यात ऊन कोंडलंय वाटतं.

हृदयाबद्दल बोलायचं होतं मला, रक्तवाहिन्यांबद्दल,
पुढच्या चाळीस वर्षांबद्दल.
बोलले नाही.
गच्चीची किल्ली माझ्याकडेच असते.
बाह्या वर कर, म्हटलं,
दहा मिनिटं. जिना मोडकाय, जपून.