चालू वर्तमानकाळ

नळस्टॉपजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर
सातचा इंग्लिशचा क्लास.
आरमोरीहून येऊन तेवीस दिवस झाले.
मेसमध्ये 'भाजी संपून राहिली' म्हणाले
तर अख्खं टेबल हसलं.
तेव्हापासून मी पोळीसुद्धा खुणेनंच मागते.

आज घारपुरे सरांनी फळ्यावर लिहिलं,
आय ॲम कमिंग.
मराठीत?
'मी येते', पहिला बाक.
'मी येतेय', खिडकीपाशी कुणीतरी.
जवळ आलात, सर म्हणाले, पण ॲम कुठाय?

माझ्या तोंडून निसटलं,
मी येऊन राहिली.

हशा अर्ध्यावर आला होता,
खडू तसाच वर धरून सर म्हणाले,
यांच्याकडे ॲम सुटा मिळतो की!

शेजारची भोरची पोरगी
वहीत उतरवता उतरवता
'हि'ची वेलांटी पहिली का दुसरी,
मला विचारून राहिली.