कोय

कुंडईहून सेकंड शिफ्टची बस सुटते
अकरा वाजून दहा मिनिटांनी.
अंगाला गोळ्यांच्या भुकटीचा कडवट वास,
कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकची रेघ.
शेजारी मारुष्का. वय बावीस, बोलणं कमी.
इयरफोनचं एक बोंड तिच्या कानात, एक माझ्या.
म्हार्दोळ यायच्या आत
एक जपानी बाई माझ्या डोक्यात गायला लागते.

दीड मिनिट. तेवढंच असतं म्हणे ते.
मोबाइलवर नावं सरकतात, शाळेच्या कपड्यांत
एक पोर नदीच्या बांधावरून धावते,
तिचा रिबन सुटतो, ती थांबत नाही.
मी म्हटलं, छान आहे कार्टून.
"ॲनिमे, मावशी," ती म्हणाली,
जशी मी कुणाला 'पाव' म्हटलं की 'उंडो' म्हणून सुधारते.

तिने यादी करून दिली मला,
बाद झालेल्या कार्टनच्या पाठीवर, डॉक्टरसारखी:
पहिलं, नारळ खवताना.
दुसरं, सुपरवायझर ओरडला असेल त्या रात्री, ढोल जोरात आहेत, आवाज वाढव.
तिसरं, पोटात दुखत असेल तर, पिशवी शेकताना.
चौथं, दार लावून नाचायला.
पाचव्यापुढे फक्त दोन शब्द: आत्ता नको.

"बायांना आवडतात हीं."
का, ते विचारलं तर खिडकीबाहेर बघत राहिली.
फर्मागुडीचा चढ संपला तेव्हा म्हणाली,
"ह्या गाण्यांत कोण कोणाक विचारना,
खंय चल्ली गो म्हणून."

नारळ खवताना मी पहिलं लावलं.
आडोळीवर बसून, वाटी फिरवत.
बाई म्हणत होती, सोरा, सोरा.
मी हात थांबवला. बायका दारूवर गातात तिकडे?
"सोरा म्हणजे आभाळ," मारुष्काने सांगितलं.
त्या दिवसापासून आमचा दीर गुणो
काजूची फेणी मारून झुलत दारात आला
की मी जाऊबाईला म्हणते, आभाळ पिऊन आला.
ती हसते. आधी हसायची नाही त्याच्यावर.

माडो म्हणजे खिडकी.
आमच्या खिडकीतून माडच दिसतो एक, वाकडा,
तेव्हा हे मला फारसं चुकीचं वाटलं नाही.

आणि तिसऱ्यात, पिशवी शेकताना,
ती सारखी म्हणते, कोय. कोय.
आंब्याची?
बस बोरीला आली होती, माझा एक पाय पायरीवर.
"प्रेम," मारुष्का म्हणाली, "प्रेमाक म्हणटात."
ड्रायव्हरने हॉर्न दिला.
बस पूल ओलांडून लोटलीला गेली,
मी काळोखात उभी, हातात टिफिनचा डबा,
सत्तेचाळीस वर्षांची,
नवरा अकरा वर्षं बोटीवर, दर महिन्याला पैसे वेळेवर.

तिचे पोर्तुगालचे कागद झाले.
आजोबाच्या जन्माची नोंद कुठल्या तरी वहीत सापडली,
तेवढ्यावर माणूस जातो.
शेवटच्या दिवशी तिने उजवं बोंड मला दिलं.
एका बोंडाचा उपयोग काय, मी म्हटलं.
ती म्हणाली, तूं एकच कान दितेस नेहमी.

तिच्या जागी आता स्टोअरमधला फटू बसतो,
तोंड उघडं टाकून झोपतो, बिचारा.

मे महिन्यात मानकुराद आला.
सगळे झोपल्यावर मी न्हाणीच्या पायरीवर एक चोखला,
चोखत गेले, चोखत गेले,
पांढरे केस दिसेपर्यंत.
रस संपला की एवढंच उरतं हातात,
कडक, केसाळ, कुणाला न देण्यासारखं.
मागे फेकलं तर रुजतं, हे खरं,
पण जाऊबाई म्हणते, कलम केल्याशिवाय
तोच आंबा परत येईल याची खात्री नाही.

मी फेकलं नाही. धुतलं, खिडकीत ठेवलं.
माडोत.

चौथ्यावर नाचले आहे दोनदा.
पाचवं अजून लावलेलं नाही.