ज्वारी, उजवीकडं

विश्रामबागच्या चौकात पहाटे सहाला
पंचांनी बेदाण्याचा रिकामा ट्रे पुढं धरला
आणि पोरांनी एकेक करून
कानातला मणी काढून त्यात टाकला.
वायरी, चिकटपट्ट्या, कुणाच्या तरी मळाचा पिवळा ठिपका.
यंदापासून शर्यतीत रेडिओ बंद.
सही करा, मुजावर सर.
केली.

जीप तीच. चालवणारा आप्पू तोच, त्याची तंबाखूही तीच.
फक्त माइकच्या हुकाला
त्यानं केळ्यांची पिशवी अडकवलेली.

बारा वर्षं मी या पोरांच्या कानात राहिलो,
भाडं न देता.
पाणी पी. मान खाली घालू नकोस.
त्या निळ्या जर्सीच्या आड हो, वारा तिला खाऊ दे.
आत्ता नको.
सगळ्यात जास्त हेच: आत्ता नको.

मिरज मागं पडलं.
मोटरसायकलवर उलटा बसलेला फळेवाला
खडूनं लिहून दाखवतो, दोन मिनिटं चाळीस,
तळहातानं पुसतो, त्याच तळहातानं नाक पुसतो,
मग एक मिनिट पन्नास.
एवढीच बातमी. बाकी साठ पाठी
आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय
ते त्यांचं त्यांना.

शिरढोणच्या पुढं पंचांच्या गाडीकडून कळलं:
वळणापलीकडं रस्त्यावर कणसं पसरलीत,
जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांवर मळणी सोडून
माणूस झाडाखाली झोपलाय.
त्यांचा आवाज जीपमध्ये येतो.
जीपमधून पुढं जात नाही.
माझा हात हुकाकडं गेला,
मूठ आवळली, आणि मी
केळ्यात ओरडलो,
ज्वारी! उजवीकडं!

आप्पू हसला नाही. त्यानं काच खाली केली.

तेव्हा ऐकू आलं. पुढून,
एका तोंडातून दुसऱ्या तोंडात,
ज्वारीऽऽ, उजवीकडं घे, उजवीकडं,
आमच्या पोरानं कोल्हापूरच्या पोराला,
त्यानं हुबळीच्याला,
हुबळीचा जोळा जोळा करत मागच्यांना,
हात पाठीमागं हलवत,
आणि सगळा घोळका
पाण्यातल्या सापासारखा उजवीकडं सरकला.

पुण्याचा एक पडलाच.
शेवटी होता, मान खाली.
कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला,
जखमेत दाणे.
कानात कुणी असतं तर पडला नसता,
हे मी पंचांना लिहून देणार आहे. अजून दिलेलं नाही.

ढालगावचा माळ.
सन्मती मगदूम हा माझ्या लेखी गुणी पोरगा,
म्हणजे सांगितलं की करणारा.
दोन वर्षांपूर्वी याच चढावर
मी त्याच्या कानात म्हटलं होतं, थांब.
तो थांबला. जाणारे गेले.
त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

आज डावीकडच्या पवनचक्क्यांनी
हळूहळू तोंडं फिरवली.
मी पाहिलं. वारा आता आडवा लागणार.
त्यानंही पाहिलं असणार, कारण तो
पेडलवर उभा राहिला,
एकदा मागं बघितलं,
घोळक्याकडं की जीपकडं, सांगता येत नाही,
आणि गेला.
जत अजून लांब होतं. फार लांब.
माझ्या जिभेवर दोन शब्द आले
ते मी पाण्याबरोबर गिळले.

वेशीच्या अलीकडं चार किलोमीटरवर
त्यांनी त्याला गाठला.
सव्विसावा.

मी पोचलो तेव्हा दुकानाच्या पायरीवर
मीठ वाळलेल्या तोंडानं द्राक्षं खात बसलेला.
सर, आज हरलो, म्हणाला,
नवी सायकल घेतली
असं सांगावं तसा.

ट्रेमधून मी त्याचा मणी हुडकून काढला,
वायरीला नावाची चिठ्ठी होती.
राहू दे की तुमच्याकडं, म्हणाला,
आणि घड पुढं केला.

जीपमध्ये पिशवीत एकच केळं उरलेलं.
माझ्या बोटांचे चार काळे ठसे त्याच्यावर.
मी ते सोललं.
आतून बरं होतं.