गॅसवर्क्सच्या टोकाकडून

क्लिफर्ड ऑटवेल : उजव्या हाताने, मध्यमगती.
दोन पेन्सच्या पत्रकावर एवढंच.
एका वर्षी छापखान्यानं त्याच्या नावातला ल खाल्ला,
तर ते पत्रक त्यानं बायकोला दाखवायला घरी नेलं.

मी सतरा मोसम त्याचे चेंडू मोजले.
इल्केस्टनला, चेस्टरफील्डला, बक्स्टनच्या गारठ्यात,
जिथं मी हातमोजे घालून लिहायची
आणि तो उघड्या बोटांनी शिवण चाचपायचा,
अंधारात काडेपेटी शोधावी तसा.

चेंडू निर्धाव गेला की टिंब.
सहा टिंबं झाली की ती जोडून डोंगर काढायचा, दोन शिखरांचा.
इतरांच्या ओळीत असा डोंगर अधूनमधून.
ऑटवेलच्या ओळीत डोंगररांग.

बळी पडायचे ते समोरच्या टोकाला.
त्याच्याकडून धाव निघेना म्हणून कावलेले फलंदाज
त्या पोरसवद्या वेगवान गोलंदाजावर बॅट फिरवायचे
आणि स्लिपमध्ये झेल द्यायचे.
पेपरात फोटो पोराचा.
पुढे पोरगा इंग्लंडकडून खेळला.

तार ऑटवेललाही आली होती, एकदा.
नॉटिंगहॅम, बारावा खेळाडू.
पाच दिवस त्यानं पाणी नेलं,
अकरा मिनिटं थर्ड मॅनला उभा राहिला,
एक चेंडू अडवला.
तो माझ्या वहीत नाही.

हिवाळ्यात क्लबचा पगार बंद.
ऑक्टोबर ते मार्च तो दारोदार कोळसा टाकायचा.
आमच्याकडे मागच्या दारानं यायचा,
पोतं उतरवून उजवा खांदा चोळत विचारायचा,
"मिस हॅलम, यंदा षटकं किती झाली हो माझी?"
बळी किती, ते कधी नाही.
नऊशे चार, मी सांगायची.
"तरीच," म्हणायचा,
आणि पुढचं पोतं डाव्या खांद्यावर घ्यायचा.

त्याच्या मदतीसाठी ठेवलेल्या सामन्याला पाऊस.
बादलीत जमले एकोणचाळीस पौंड आणि एक बटण.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी समितीचं पत्र आलं, टाइप केलेलं.
"प्रिय ऑटवेल." मिस्टर नाही. धंदेवाईकांना नसायचंच.
त्या सकाळीही त्यानं बुटांना पांढरं फासलं,
डाव्या अंगठ्यापाशी कापलेल्या भोकाला वळसा घालून.

चहानंतर, गॅसवर्क्सच्या टोकाकडून, त्याचं शेवटचं षटक.
पाच टिंबं.
सहावा चेंडू आत वळला, पॅडला लागला,
पंच हलला नाही,
आणि चेंडू यष्टिरक्षकाला चुकवून सीमेपार गेला.

लेगबाय चार. नियमानं त्या गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत.
पण टिंबंही पाचच.
पाहुण्यांचा गुणलेखक माझ्या पेन्सिलीकडे बघत होता.
मी डोंगर पुरता केला,
त्रिकोणाची ती खूण दुसऱ्या शिखराच्या पायथ्याशी ठेवून.

खाली ऑटवेल पंचाकडून स्वेटर घेत होता.
एक बाही उलटी झालेली.
ती सुलटी करायला त्यानं बराच वेळ घेतला.