शंभरातले चार

सेंट हेलेन्समध्ये काचेचं कुणाला अप्रूप नाही.
जुन्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी
भट्टीपुढे भाजून निघालेलं.
शेजारचे विल्फ अ‍ॅशक्रॉफ्ट त्यांतलेच,
एकतीस वर्षं,
आणि उजव्या अंगठ्याचं अर्धं पेर
कारखान्यातच ठेवून आलेले.
सहा इंची चकती त्यांनीच दिली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, मटणासारखी.

गॅरेजमध्ये तेलाचं जुनं पिंप, पोटात विटा.
खालची चकती पक्की, वरची मोकळी,
मध्ये चिमूटभर ऐंशी नंबरची पूड, चमचाभर पाणी.
पुढे ढकल, मागे ओढ,
वरची जराशी फिरव,
आपण एक पाऊल सरक.
पुन्हा.

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात.
मला आकडेच सुचले.
दिवसभर औषधांच्या खिडकीत
मिलिग्रॅम मोजून आलेलं डोकं,
ते आणखी काय गाणार?
कान मात्र शिकले.
आधी रस्त्यावर खडी ओतल्याचा आवाज,
मग साखर, मग रवा,
मग रेशमी साडीची घडी मोडताना होते
तेवढीच कुजबुज.
“आवाज मेला की पूड मेली,”
विल्फ म्हणाले, खुर्चीतून न उठता.

नवल एकच.
मी कुठे नेम धरला होता?
वेडेवाकडे हात,
काही रागाचे, काही झोपेतले,
ऋतुपर्णाने फोन उचलला नाही
त्या अख्ख्या आठवड्याचे तर विचारूच नका.
तरी वरचीचा मध्य झिजत गेला,
खालचीची कड,
आणि दोघी कुठूनही कशाही ठेवल्या
तरी एकमेकींत बसू लागल्या.
गोलाई कुणी शिकवावी लागत नाही म्हणे,
पुरेसं घासलं गेलं पाहिजे.

नंबर बदलताना सगळं धुवायचं:
बादली, नखं, केस, स्वेटरच्या बाह्या.
मी तीनदा धुतलं.
तरी गव्हात खडा राहावा तसा
एक कण राहिलाच.
ओरखडा अजून आहे, साडेचारच्या काट्यापाशी, नखाएवढा.
तो फक्त मला दिसतो.
(विल्फना दिसला होता. बोलले नाहीत.)

मग राळेचा थर, गुलाबी लेप, घोटणं.
पाढे घोटतात तसं,
अर्थाची वाट न बघता.

मग एका रात्री सगळे दिवे मालवून
सुईच्या छिद्रातून उजेड, समोर दाढीचं पातं,
आणि सपाट दिसणाऱ्या काचेवर
एकदम सावल्यांचा मुलूख.
विल्फनी तोच अंगठा काचेवर मिनिटभर ठेवला.
उचलला, तर तिथे टेकडी!
नुसत्या उबेची.
अर्ध्या अंगठ्याचीसुद्धा पुरी टेकडी.
मी घड्याळ लावून बसले.
सात मिनिटांत ती ओसरली,
काच पहिल्यासारखी.
विसरायला सात मिनिटं.
मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मुलामा द्यायला आरसा पाठवायच्या आदल्या रात्री
अकरा दिवसांचं मळभ अचानक फाटलं.
गालिच्यांच्या दुकानातून मागून आणलेली पुठ्ठ्याची नळी,
तिच्या तळाशी उघडी काच.
उघडी काच शंभरातले चारच किरण परत करते,
बाकीचे सरळ आरपार, मागच्या प्लायवूडवर.
म्हटलं, चार तर चार.

गुरू आला.
पिवळसर, चपटा, थरथरता,
आणि अंगणातल्या दोरीवर राहून गेलेल्या चिमट्यांसारखे
एका ओळीत ठिपके.

“तीन,” मी म्हणाले.
“चार,” विल्फ.
पुन्हा डोळा लावला, तोवर तो सरकून कडेबाहेर.
नळी ढकलली, शोधला.
तीनच.
“चष्मा पुसा.”
“तू तुझा डोळा पूस.”
मिटलं नाही ते भांडण. चहाही गार झाला.

निघताना फाटकाशी थांबून म्हणाले,
पिंपातल्या विटा माझ्या आहेत,
काम झालं असेल तर परत दे.

म्हटलं, इतक्यात नाही.