समासातलं नाव

तिबिलिसीला यायच्या आधी एक पुस्तक वाचलं.
त्यात किल्ले, चर्चं नव्हती;
रॉकेलच्या रांगा होत्या,
नव्वदीतले वीज नसलेले हिवाळे,
आणि लिफ्टमधली पत्र्याची डबी —
नाणं टाकल्याशिवाय वर न नेणारी.

म्हणून खिशात सुट्टे घेऊनच आलो.
डबीनं नाणं गिळलं. लिफ्ट ढिम्म.
मागून त्सियाला आली, काखेत होडीसारखा पाव,
कोपरानं डबीला एक ठोसा दिला
आणि आम्ही कुरकुरत वर निघालो.
हे पुस्तकात नव्हतं.

तिच्या स्वयंपाकघरात पान काढलं, एकशे बारा.
तिचा नातू सांद्रो अडखळत सांगत गेला तिला तिच्याच भाषेत.
ती अक्रोड फोडत ऐकत होती.
"अंधार होता, खरंय," म्हणाली,
"पण खालचा नोदार त्यात पियानो वाजवायचा.
रोज एकाच जागी चुकायचा.
मेणबत्ती विझवून आम्ही त्या चुकीची वाट बघायचो.
एका रात्री तो चुकलाच नाही.
कुणालाच झोप लागली नाही."

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: नोदार.
तिनं पेन्सिल घेतली,
पुढे त्याचं आडनाव लिहिलं,
मला वाचता न येणाऱ्या
गोल गोल अक्षरांत.