एका माणसापुरता बर्फ

आमिषाच्या दुकानात डर्ला म्हणाली,
यंदा बर्फ लवकर सुटतोय,
फार तर एक माणूस पेलेल.
पिशवीत बारकी मासळी घालून तिने गाठ मारली
आणि माझ्या घसरगाडीवरची चार स्टुलं बघून
एक भुवई वर केली फक्त.

मेलेल्यांचं वजन बर्फाला लागत नाही
हे तिला कुठल्या इंग्रजीत सांगू.

पहिलं स्टूल आर्व्हिडचं. वादच नाही.
तीस वर्षं बेमिडजीत शाळेची बस चालवली,
पोरांचा सगळा गलका कानांत साठवला,
म्हणून स्वतः दिवसाला दोनच वाक्यं:
एक हवेबद्दल,
दुसरं पहिल्याची दुरुस्ती.
बर्फाला भोक पाडायला त्यानंच शिकवलं.
खालचं काळं पाणी वर आलं तेव्हा
त्यानं टोपी काढली होती.
का, ते मी विचारलं नाही.
ऑक्टोबरात गेला. गिरमिट मला ठेवून.

दुसरं दाऊदचाचाचं, दाभोळच्या तरीवरच्या.
उतारू जमेपर्यंत एका हातानं गरवायचा,
दुसऱ्या हातात विडी,
आणि शाळेला उशीर झालेल्या मला म्हणायचा,
मासा घाईत नसतो रे, मास्तर असतो.
त्याच्या लुंगीवर आर्व्हिडचा जुना पार्का घालीन.
दोघांना एकमेकांची भाषा येत नाही,
बरंच आहे.
तंबाखू दोघांकडे आहे.

तिसऱ्यासाठी फार घोळ घातला.
वडील नकोत. ते एवढं पाणी बघून
पाणीपट्टीचा विषय काढतील.
कॉलेजातला तो हजरजबाबी उमाकांतही नको,
मासे हसत नाहीत.
एखादा राजा, एखादा संत बोलवावा,
लोक बोलवतात म्हणे,
पण थोर माणसाला
बादली इकडे सरकव म्हणणार कोण?

शेवटी द्वारकाआत्या.
आमच्यात जेवताना मासा हा शब्दसुद्धा काढायचा नाही
आणि ही वाशिष्ठीच्या पायरीवर बसून
पदरातल्या चुरमुऱ्यांनी मासे जमवायची,
एकेकाला हाका मारायची.
आता तिसऱ्या भोकातून ती चुरमुरे सोडत राहणार,
तळ्यातलं झाडून सगळं तिच्याकडे जाणार,
आमचे गळ रिकामे,
आणि वर म्हणणार,
बघा, पकडायचं नसलं की येतात.

चौथं स्टूल.

अच्युता, तू अजून आहेस.
चिपळुणात, वहिनी सांगते, साखर वाढलीय,
वजन नव्वदला टेकलंय.
नऊ वर्षं बोलत नाहीस,
आईच्या वेळेला मी पोचलो नाही म्हणून.
तिकीट काढलं होतं.
तेही सांगायचं राहिलं.
तुला आज इथं बसवलं
तर हा बर्फ खरोखरच तडकेल.

भोक मात्र पाडून ठेवलंय.
ऊन उतरलं तशी त्यावर साय धरते,
मी भज्यांच्या झाऱ्यानं ती काढतो,
पुन्हा धरते, पुन्हा काढतो.
खाली तळं भरल्या पोटासारखं गुरगुरतं.
तिघंही बघून न बघितल्यासारखं करतात.
दाऊदचाचा विडी विझवून कानावर ठेवतो,
आर्व्हिड आपलं दुसरं वाक्य खर्च करतो:
मेमध्ये होडी घाल पाण्यात,
ती दोघांना पेलते.

एकही मासा नाही आज.
इथं सहा वाजले,
म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे साडेचार.
दूधवाला यायच्या आधी तू उठतोस,
अजून तासभर आहे.
फोन खिशात आहे, आतल्या,
थंडीनं बॅटरी उतरू नये म्हणून छातीपाशी.

आत्या म्हणते, उरलेले चुरमुरे त्याच्या भोकात टाकू का?
टाक म्हटलं.
मी झारा मारत बसलोय.